पुस मॉथ, 1/24 : सगळं भांडण जाडीशी

15 ऑक्टोबर 1932 ला जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन निघाले आणि अहमदाबादमार्गे जुहूला उतरले. ते विमान म्हणजे डी हॅविलंड डीएच 80ए, पुस मॉथ, नोंदणी व्हीटी-एडीएन. एक इंजिन, वर एकच पंख, बंद केबिन. तयार किट न घेता पहिलंच मॉडेल विमान शून्यातून बनवायचं असेल तर हे चांगलं. दोन मजली पंख नाहीत, तारांचं जाळं नाही, कडा बहुतेक सरळ. पण सोपं दिसतं म्हणूनच ते चुका लपवू देत नाही. बाइप्लेनवर तारांच्या गर्दीत खपून जातं ते इथे उघडं पडतं.

प्रमाण 1/24 घ्या. ब्रिटिश विमान फूट-इंचात आखलेलं असतं आणि 1/24 मध्ये एक फूट म्हणजे बरोबर अर्धा इंच, 12.7 मिमी. पंखांचा पसारा 36 फूट 9 इंच, म्हणजे मॉडेलवर 467 मिमी. लांबी 25 फूट, म्हणजे 317.5 मिमी. पंखाचं क्षेत्रफळ 222 चौरस फूट आहे, त्याला पसाऱ्याने भागलं की सरासरी रुंदी सहा फुटांच्या आसपास येते, मॉडेलवर 76 मिमी. हे चार आकडे भिंतीवर लिहून ठेवा. 1/48 मध्ये केबिनच्या खिडक्यांच्या चौकटी केसाएवढ्या होतात आणि हात शिव्या द्यायला लागतो. 1/16 चं विमान ठेवायला मुंबई-पुण्याच्या फ्लॅटमध्ये कपाट मिळत नाही.

कुठलंही रेखाचित्र हाती आलं की आधी त्याच्यावर अविश्वास दाखवा. छापलेल्या चित्रावर पसारा मोजा, मग लांबी मोजा, आणि दोन्हींचं प्रमाण वेगवेगळं काढा. प्रिंटर बहुतेकदा एका दिशेला थोडं ताणतो. एक टक्का चूक म्हणजे पसाऱ्यात पावणेपाच मिमी. वरून, बाजूने आणि समोरून अशी तीन दृश्यं एकमेकांशी जुळतात का तेही पाहा. बाजूच्या चित्रात पंखाची पुढची कड जिथे येते तिथेच ती वरच्या चित्रात यायला हवी. जुळत नसेल तर फोटोवरून निकाल लावायचा, आणि फोटोत चाक ही उत्तम पट्टी असते.

फोटोंचंही जपून. ब्रिटिश वैमानिक जिम मॉलिसनने ऑगस्ट 1932 मध्ये ज्या पुस मॉथमधून अटलांटिक पूर्वेकडून पश्चिमेकडे एकट्याने ओलांडला, त्याचे फोटो सहज मिळतात. पण त्या विमानाच्या केबिनमध्ये इंधनाची मोठी टाकी बसवलेली होती. ते पाहून टपालाच्या विमानाची केबिन केली तर सगळं चुकेल. धडापासून पंखाला टेकू देणाऱ्या, पंखाखालच्या काठ्यांचंही तसंच. या जातीची काही विमानं हवेतच पंख मोडून पडली. त्यानंतर पुढच्या काठीची थरथर थांबवण्यासाठी तिला एक छोटी जादा काठी जोडली गेली. म्हणून जे वर्ष बनवताय त्याच वर्षाचा फोटो समोर ठेवा. पुढच्या काळातला फोटो, किंवा आज संग्रहालयात उभं असलेलं विमान, या बाबतीत फसवतं.

आता मुद्द्याचं. शून्यातून केलेलं मॉडेल लांबूनही हातचं वाटतं, ते तपशील कमी पडला म्हणून नव्हे, सगळं जाड झालं म्हणून. 0.5 मिमीचा पत्रा हातात कागदासारखा वाटतो, पण 1/24 मध्ये तो 12 मिमी जाड असतो. साधा झेरॉक्सचा कागद 0.1 मिमीचा, म्हणजे खऱ्या विमानावर 2.4 मिमी. प्रत्येक वस्तू उचलताना 24 ने गुणायची सवय लावून घ्या. पुढचं सगळं काम बरंचसं या गुणाकाराचंच आहे.

मुख्य सामान पॉलिस्टायरीनच्या शीट. 0.25, 0.5, 1 आणि 1.5 मिमी अशा चार जाड्या पुरतात. छंदाच्या दुकानात लहान पाकिटं महाग पडतात. प्लास्टिक शीटच्या घाऊक दुकानात हाय इम्पॅक्ट म्हणून मागितलं तर मोठं शीट मिळतं. तिथे बोर्डवाल्यांचं पीव्हीसी फोमशीटही पांढरंच असतं आणि ते गळ्यात मारलं जातं. घरी आणण्याआधी एका कोपऱ्यावर एमईकेचा, म्हणजे मिथाइल इथाइल कीटोन या प्लास्टिक विरघळवणाऱ्या द्रवाचा, थेंब टाका. स्टायरीन लगेच चिकट होऊन बोटाला तार काढतं, फोमशीट तितकं लगेच तसं करत नाही. जोडायलाही हाच एमईके, बारीक ब्रशने सांध्यावर टेकवायचा, तो आपोआप आत ओढला जातो. अॅक्रिलिकवाले क्लोरोफॉर्म वापरतात, त्याने स्टायरीनही जुळतं, पण घरात ती बाटली नको. एमईकेसुद्धा खिडकी उघडी ठेवूनच.

पंखापासून सुरुवात करा. तोच जमला नाही तर बाकीचं कष्ट घेऊन काय करायचं?

एका बाजूच्या पंखासाठी 0.5 मिमीची शीट, रुंदी 170 मिमी, लांबी पंखापेक्षा 10 मिमी जास्त. वरचा पृष्ठभाग फुगीर असल्याने त्याला खालच्यापेक्षा दोन-तीन मिमी जास्त लागतात, म्हणून घडीची रेघ बरोबर मध्यावर मारायची नाही. रेघेवर 5 मिमीची पितळी सळी आतून टेपने चिकटवा, शीट तिच्याभोवती वळवा, दोन्ही मोकळ्या कडा टेपने बांधा आणि नुकत्याच उकळी बसलेल्या पाण्यात मिनिटभर धरा. मग लगेच गार पाण्यात. पुढची कड गोल होऊन तशीच राहते. खळखळ उकळत्या पाण्यात शीट लाटेसारखी वाकते, आणि मग ती परत सरळ होत नाही. कोरडं दुमडायला गेलात तर घडीवर पांढरी रेघ उमटते आणि महिन्याभराने तिथेच तडा जातो.

चिकटवण्याआधी मागच्या कडेचं काम. दोन थर 0.5 चे एकत्र आले तर 1 मिमी, म्हणजे खऱ्या विमानावर इंचभर जाड काठ. भाकरीचा काठ दिसतो तो. म्हणून दोन्ही थर आतल्या बाजूने, कडेपासून 12 मिमीच्या पट्ट्यात घासून 0.2 पर्यंत उतरवा. काचेवर शीट उताणी टेपने बसवायची, 240 चा वॉटर पेपर सपाट लाकडाला गुंडाळून तिरका चालवायचा. शीट उजेडात धरली की पातळ झालेला पट्टा उजळ दिसतो आणि किती उतरलं ते कळतं. दोन्ही मिळून 0.4 च्या वर जाऊ देऊ नका.

आतला सांगाडा साधा ठेवा. 1 मिमीच्या शीटमधून कापलेल्या सहा-सात फासळ्या आणि दोन पितळी नळ्या, बाहेरून 3 मिमी, खऱ्या विमानात पुढचा-मागचा स्पार, म्हणजे पंखाची लांब तुळई, जिथे आहे तिथेच. या नळ्यांत केबिनच्या छतातून येणारी 2 मिमीची पोलादी सळी शिरेल. नळी आणि सळी आधी एकमेकींत घालून पाहा, सैल असेल तर सळीवर टिश्यू पेपरचा एक फेरा गोंदाने. फासळ्या एकाच वेळी कापायच्या, सगळ्या तुकड्यांतून दोन खिळे घालून गड्डी करायची आणि कानशीने एकत्र घासायची. एकेक करून कापलेल्या फासळ्या कधीच सारख्या होत नाहीत.

पंख बंद करण्यापूर्वी मुळाच्या फासळीला दीड मिमीचं भोक पाडा. हे विसरलं जातं आणि याची शिक्षा उशिरा मिळते. आत कोंडलेली एमईकेची वाफ पंखाचं कातडं, म्हणजे वरची शीट, मऊ करत राहते. रंग देऊन झाल्यावर, कधी दोन-तीन आठवड्यांनी, फासळ्यांच्या मधोमध खळगे पडतात. त्याला इलाज नाही, नवा पंख करावा लागतो. शक्यतो सांध्यात एमईके कमी आणि दाब जास्त. मागच्या कडेला तर एमईके नकोच, 0.2 चं कातडं त्याने विरघळून सुरकुततं. तिथे फेव्हिक्विकचा पातळ हात द्या आणि दोन सरळ पट्ट्यांमध्ये दाबून ठेवा.

आता कापड. पुस मॉथचा पंख लाकडी सांगाड्यावर कापड ताणून केलेला, धड पोलादी नळ्यांचं, वर कापडच. मॉडेलवाल्यांची इथे हौस अनावर होते आणि पंखाच्या बरगड्या दुष्काळातल्या गाईसारख्या दिसायला लागतात. डोप, म्हणजे कापड ताणून बसवणारं लॅकर, लावलं की कापड आक्रसून ढोलाच्या पानासारखं ताठ बसतं, म्हणजे दोन फासळ्यांमध्ये झोळ फार थोडा असतो. फासळीवरच्या शिवणीला झाकणारी पट्टी तर कापडाच्याच जाडीची. कापड आणि पट्टी मिळून मिलिमीटरभर धरली तरी 1/24 मध्ये 0.04 मिमी. म्हणजे रंगाचे दोन हात. मग ती रंगानेच करा. फासळ्यांच्या जागा पेन्सिलने आखून घ्या. प्रत्येक रेघेच्या दोन्ही बाजूंना टेप लावा, मधे 1.5 ते 2 मिमीची फट सोडा, आणि फटीवर एअरब्रशने प्रायमरचे तीन-चार हात मारा. टेप प्रायमर ओलसर असतानाच काढायचा, सुकल्यावर काढला तर कड उभी राहते. दुसऱ्या दिवशी 1000 च्या ओल्या पेपरने एकदाच, बोटाच्या दाबाने, पुसल्यासारखं. रंग बसल्यावर ही पट्टी समोरून दिसत नाही, उजेड तिरपा पडला की दिसते. खऱ्या विमानाचंही तसंच असतं.

थोडा झोळ हवाच असेल तर दोन पट्ट्यांच्या मधल्या भागात 12 मिमीच्या नळीला वॉटर पेपर गुंडाळून पाच-सहा वेळा फिरवा. तेवढं पुरे. एनसी (नायट्रोसेल्युलोज) पुट्टीचे ढिगारे घालून मग कोरत बसण्याची पद्धत अजून चालते, पण त्या पुट्टीतला थिनर पातळ स्टायरीन खातो आणि पुट्टी महिनाभर आक्रसत राहते.

धड चौकोनी पेटीच आहे. दोन्ही बाजू 0.5 च्या दोन-दोन थरांत करा, एकाच थराच्या 1 मिमीत नको. आतल्या थरात खिडकीचं भोक सर्व बाजूंनी 1 मिमी मोठं, बाहेरच्या थरात नेमकं. मग काच आतून त्या खाचेत बसते आणि बाहेरून फक्त अर्ध्या मिमीची कड दिसते. चारही पत्रे, म्हणजे दोन बाजू गुणिले दोन थर, टेपने एकावर एक लावून बाहेरची रेषा एकत्र कापा. खिडक्या पेटी जुळवण्याआधी कापायच्या. कोपऱ्यात आधी 1 मिमीच्या ड्रिलने भोक, मग सरळ कापणं. त्याने कोपरे गोल राहतात आणि सुरी पुढे सरकून चौकट चिरत नाही. चौकट चिरली तर तुकडा फेका, सांधलेली चौकट काचेवर नेहमी दिसते.

केबिनमधल्या नळ्या खिडकीतून स्पष्ट दिसतात, म्हणून त्या खऱ्या गोल सळीच्याच करा. इंचभराची नळी 1/24 मध्ये 1.06 मिमी, तिला 1 मिमीची सळी चालते. बसण्याची रचना पुढे वैमानिक आणि मागे दोन प्रवासी अशी. टपालाचं विमान असल्याने मागे थैल्या ठेवा. थैल्यांना एम-सील छान. गोळा ओल्या बोटाने दाबायचा, तोंडाशी दोरा आवळायचा, अर्ध्या तासाने पुन्हा हात लावायचा म्हणजे सुरकुत्या बसतात. ती सुकल्यावर खरबरीत राहते, गोणपाटासाठी ते बरंच.

काच म्हणून शर्टाच्या खोक्यावरचं पारदर्शक प्लास्टिक. 0.15 ते 0.2 मिमीचं मिळतं. सपाट असेल तोच तुकडा घ्या, दुमड पडलेला नाही. पुस मॉथच्या खिडक्यांना साचा करून फुगवलेली काच लागत नाही, इथे हे विमान दयाळू आहे. पण काचेजवळ फेव्हिक्विक आणलं की तिची वाफ काचेवर पांढरा धूर होऊन बसते. बंद केबिनमध्ये तर नक्कीच, आणि ती आतून पुसता येत नाही. पांढऱ्या फेव्हिकॉलने बसवा, काठीच्या टोकाने, फार थोडा. एमईकेही सांध्यातून सरपटत काचेच्या कडेला पोचतो, म्हणून छत चिकटवताना त्या बाजूला तो अजिबात नको. छत अॅराल्डाइटने.

नाकाचं आवरण धातूचं दिसायचं असेल तर धातूचंच करा. शीतपेयाच्या कॅनचा पत्रा 0.1 मिमी असतो. रंग-लेप घासून काढा, वर साबणाची वडी फिरवा आणि गॅसच्या मंद आचेवर मागून तापवा. साबण तपकिरी झाला की थांबायचं. पत्रा आता कागदासारखा वळतो. अजून तापवलात तर जाळी पडते, अॅल्युमिनियम लाल होऊन सूचना देत नाही. हवेच्या झडपांच्या खाचा हव्या असतील तर फोटोतून मोजा आणि रबराच्या तुकड्यावर पत्रा पालथा ठेवून बोथट पात्याने दाबा. सगळ्या एका रेषेत याव्यात म्हणून दोन पट्ट्यांची खाच करून पातं त्यात चालवायचं. पहिली ओळ वाया जाणार हे धरूनच पत्रा मोठा कापा.

आत जिप्सी 3, उलटं बसवलेलं चार सिलिंडरचं हवेने थंड होणारं इंजिन, 120 अश्वशक्तीचं. आवरण बंद ठेवणार असाल तर हे इंजिन करू नका. बघणाऱ्याला ते दिसत नाही आणि करणाऱ्याचा महिना जातो. उघडं ठेवणार असाल तर सिलिंडरचा बोअर, म्हणजे आतला व्यास, 114 मिमी, मॉडेलवर 4.75, बाहेरून साधारण 5 मिमीची सळी घ्या. सिलिंडरभोवतीच्या, इंजिन थंड ठेवणाऱ्या पातळ चकत्या काढायला युक्ती अशी : 0.15 मिमीच्या दोन तारा शेजारी-शेजारी धरून एकत्र गुंडाळा, फेव्हिक्विकचा एक हात देण्याआधी त्यातली एक सोडवून काढा. उरलेली तार सारख्या अंतरावर बसलेली असते. आधी गोंद दिलात तर दुसरी तार निघत नाही, हे लिहून सांगायची गरज नसावी, पण असते. धुराड्याची नळी सोल्डरच्या तारेची, वाकवताना ती चेपत नाही.

पंखाखालच्या काठ्यांवर विमानाचा पंख टेकलेला दिसतो, म्हणून त्या खरोखर भार घेणाऱ्या करा. पितळी नळी पकडीत हळूहळू दाबून तिचा छेद पानासारखा होतो. दाबण्याआधी आत योग्य जाडीची तार घाला, नाहीतर मधेच घडी पडते. दोन्ही टोकांतून 0.8 मिमीची तार 4 मिमी बाहेर, आणि पंखात व धडात तेवढीच भोकं. भोकं रंगाच्या आधी. रंगलेल्या पंखावर ड्रिल घसरलं तर रात्र खराब होते.

चाकाच्या पायावरची झाकणी ही या विमानाची गंमत आहे. पायाभोवतीचा तो पातळ पत्रा वैमानिकाला 90 अंशांत फिरवता येई. आडवा केला की तो हवेला अडवायचा, म्हणजे उतरताना ब्रेक. जमिनीवरचं विमान दाखवताना तो कुठल्याही स्थितीत चालतो, पण दोन्ही पायांवर सारखा. चाकं बाजारातली बसत असतील तर घ्या, टायर कोरण्यात काही पुण्य नाही.

रंगाचं हवामानाशी नातं आहे. कोकण-मुंबईच्या पावसाळ्यात लॅकर फवारलं की दमट हवेतलं पाणी त्यात अडकतं आणि वर दुधी साय येते. दुपारी, खोली कोरडी असताना, मंद सुकणाऱ्या थिनरने मारा, किंवा सरळ अॅक्रिलिक घ्या. गॅरेजवाल्यांचा एनसी थिनर उघड्या स्टायरीनवर नको, बारीक तडे जातात.

काळ्या-पांढऱ्या फोटोवरून रंग ठरवताना त्या काळच्या फिल्मचा स्वभाव माहीत हवा. ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल दिसत नाही. लाल काळपट येतो, निळा फिका येतो. फोटोत गडद दिसलं म्हणून काळं आणि फिकं दिसलं म्हणून रुपेरी, असं ठरवू नका. त्याच फोटोत ज्याचा रंग माहीत आहे अशी वस्तू शोधा, आकाश, गवत, रबरी टायर, आणि तिच्याशी तुलना करा.

व्हीटी-एडीएन ही अक्षरं मात्र रंगानेच काढा. स्टिकरचा थर अक्षरागणिक उंचवटा करतो आणि मघाशी केलेली पट्ट्यांची कारागिरी त्याखाली गाडली जाते. गाडीच्या नंबरप्लेटवाल्या रेडियमच्या दुकानात प्लॉटर असतो. अक्षरांची उंची फोटोवरून काढून मिमीत फाइल द्या आणि अक्षरं नकोत, त्यांच्या भोवतालचा साचा हवा हे दोनदा सांगा. ए आणि डी यांच्या पोटातले तुकडे सुटे असतात. ते जागेवर राहावेत म्हणून सगळा साचा ट्रान्सफर टेपवर उचलूनच बसवायचा. त्या विनाइलचा गोंद जबर, आधी सुती कापडावर चार-पाचदा चिकटवून काढा, नाहीतर खालचा रंग सोबत येतो. साच्यावर पहिला हात खालच्याच रंगाचा द्या. तो कडेखालच्या फटी बुजवतो, मग अक्षराचा रंग पाझरत नाही. अक्षराचे हात पातळ, दोन किंवा तीन, आणि साचा ओलसर असतानाच, कडेवर दुमडून, सावकाश ओढायचा.

जुळवणी फोमबोर्डच्या चौकटीत. समोरच्या चित्रावरून पंखाचा कोन कापून दोन आधार करा, धड मधे धरा. पोलादी सळ्या, काठ्या, सगळं एकदा कोरडं बसवून पाहा. मग संथ सुकणारं अॅराल्डाइट, पाच मिनिटांचं नको, कारण काठ्या जागेवर आणायला पंधरा-वीस मिनिटं लागतातच. पंखाच्या टोकापासून शेपटीच्या उभ्या पात्याच्या माथ्यापर्यंत दोन्ही बाजूंनी दोरा धरा. फरक मिलिमीटरच्या आत आला पाहिजे. समोरून पाहताना शेपटीचा आडवा पट्टा पंखाशी समांतर आहे का, ते एक डोळा मिटून. जुळलं की बारा तास हात लावायचा नाही.

सगळ्यात शेवटी नाकावरचा पंखा, म्हणजे प्रॉपेलर, लाकडाचाच. गडद आणि फिकट व्हिनियरचे 0.6 मिमीचे थर आलटून-पालटून चिकटवून गड्डी करा, कोरली की थरांच्या रेषा पात्यावर वळणाने येतात. त्या रंगवून आणता येत नाहीत. कोरण्याआधी फोटोत पात्याची जाड कड कुठल्या बाजूला आहे ते पाहून गड्डीवर बाण काढून ठेवा. उलट दिशेचा पंखा झाला तर बसतो व्यवस्थित, दिसतोही छान, पण तो विमानाला मागे ढकलणारा असतो.